आजाऱ्याजवळ कोण बसणार?

माणूस गेला की आमचं गाव उभं राहतं. विदर्भातलं कुठलंही खेडं घ्या. मयत झाल्याचं कळलं की वेचणीला निघालेल्या बाया अर्ध्या वाटेवरून परततात. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणापायी ज्याच्याशी वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं, तोही खांद्याला येतो. बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी शेजारच्या चार घरी चुली पेटतात. बौद्ध वस्तीत त्रिशरण-पंचशील होतं, पुढं पुण्यानुमोदनाला मंडप पडतो, गेलेल्याच्या चांगुलपणावर चार माणसं बोलतात. ही माया खरी आहे. पण तोच माणूस त्याआधी वर्षभर खाटेवर होता, तेव्हा त्याच्या अंगणात किती जण आले? पैसे पुरेनात म्हणून तो गोळ्या एक दिवसाआड घेऊ लागला होता, हे किती जणांना ठाऊक होतं? मंडपात हा प्रश्न कोणी काढत नाही, आणि तो काढायची ती वेळही नव्हे.

तो आधी निघायला हवा, आणि विहारात निघायला हवा. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि दोन दिवसांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या वेळच्या २२ प्रतिज्ञांमधली तेरावी प्राणिमात्रांवर दया करण्याची आहे, अठरावी प्रज्ञा, शील आणि करुणा यांची सांगड घालून जगण्याची. आमच्या वस्त्यांमधल्या शाळकरी पोरांनाही त्या पाठ असतात. गावोगावच्या विहारांत वंदना होते, जयंती होते, पौर्णिमेला खीरदान होतं, पावसाळ्यात ग्रंथवाचन होतं. गावात आज कोण आजारी आहे आणि त्याच्याजवळ आज रात्री कोण बसणार, हे ठरवणं मात्र बहुतेक विहारांच्या नेमाच्या कामात नाही. ते असावं, आणि इतर सगळ्या कार्यक्रमांच्या आधी असावं, असं माझं मत आहे. ते मांडताना मी धम्माच्या बाहेरून काहीही आणत नाही. उलट आमच्याकडे जे वाचलं जातं तेच पुन्हा समोर ठेवतो.

भिक्खूंचे नियम सांगणाऱ्या विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’च्या शेवटच्या खंडातही तो घेतला आहे, म्हणजे वर्षावासातल्या, पावसाळ्याच्या तीन महिन्यांतल्या वाचनात तो दरसाल कानावर पडतो. एका भिक्खूला हगवण लागली होती आणि तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. भिक्खूंच्या राहण्याच्या जागा बघत बुद्ध आनंदासोबत तिथे आले. त्यांनी विचारलं, तुला काय होतंय? पोट बिघडलंय, भगवान. तुझी सेवा करायला कोणी आहे? नाही. का नाही? त्या भिक्खूनं उत्तर दिलं: मी भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून ते माझ्याकडे बघत नाहीत.

अडीच हजार वर्षांपूर्वीचं हे उत्तर आमच्या गावात अजून ऐकू येतं. उभी हयात सालगडी म्हणून दुसऱ्याच्या वावरात राबलेला माणूस लकव्यानं पडला की सुरुवातीचे काही दिवस लोक येतात. मग येणं विरळ होतं. मग तो स्वतःच म्हणू लागतो, “मी आता कोनाच्याच कामाचा नाही राह्यलो.” गाव त्याला वाईट वागवतं असं नाही. गाव त्याला विसरतं. माणसाची किंमत त्याच्या हातून होणाऱ्या कामावर ठरवायची सवय आपल्याला इतकी लागली आहे, की हात थांबले की माणूस नजरेतून उतरतो, आणि कोणालाच आपण काही वाईट केल्यासारखं वाटत नाही.

बुद्धांनी त्या भिक्खूला अनित्यतेवर प्रवचन दिलं नाही. आनंदाला सांगितलं, पाणी आण. बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदानं अंग धुतलं. मग बुद्धांनी डोक्याकडून आणि आनंदानं पायांकडून धरून त्याला उचललं आणि खाटेवर निजवलं. त्यानंतर भिक्खूंना गोळा करून ते म्हणाले, तुमची सेवा करायला इथे तुमची आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्यानं आजाऱ्याची सेवा करावी.

हे शेवटचं वाक्य आपण भाषणांत पुष्कळदा ऐकतो. त्याच्या पुढं जे येतं ते फारसं कोणी सांगत नाही, आणि माझ्या लेखी खरी गोष्ट तिथे आहे. बुद्धांनी लगेच जबाबदारी वाटून दिली. आजाऱ्याचे उपाध्याय असतील तर त्यांनी तो बरा होईपर्यंत सेवा करावी. नसतील तर आचार्यांनी. तेही नसतील तर शिष्यानं, सोबत्यानं. आणि यातलं कोणीच नसेल तर संघानं. संघानं ती केली नाही तर तो दोष, म्हणजे विनयाचा भंग. पुढे असंही ठरलं, की भिक्खू वारला तर त्याचं भिक्षापात्र आणि चीवर, म्हणजे अंगावरचं वस्त्र, ज्यांनी आजारपणात सेवा केली त्यांना द्यावं. म्हणजे करुणा ज्याच्या त्याच्या मनाच्या मोठेपणावर सोडलेली नाही. कोणाची पाळी, कोणानंतर कोणाची, चुकलं तर काय, हे सगळं ठरवून दिलेलं आहे. मनात दया दाटून येईल तेव्हा जाऊ, असं म्हटलं तर हगवणीच्या वासापाशी ती दाटून येत नाही. पाळी लावली असेल तरच माणूस जातो.

आणि पाळी लावायची तर पुरुषांचीही लावावी लागेल. घरातलं आजारपण आज सून काढते, बायको काढते, शाळा सोडून लेक काढते. रोजीनं निंदणाला जाऊन आल्यावर ती सासऱ्याची पाठ पुसते, कूस बदलते, रात्री दोनदा उठते. तिच्या या कामाला कोणी करुणा म्हणत नाही. ते तिचं कामच, असं धरलं जातं. विहारात करुणेवर बोलायला उभे राहणारे मात्र बहुतांश आम्ही पुरुष. त्या प्रसंगात घाण धुणारे दोघेही पुरुष होते आणि त्यातले एक स्वतः बुद्ध होते, एवढं ध्यानात घेतलं तर या विषयावरची आमची बरीच भाषणं लहान होतील.

त्याच प्रकरणात चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावं. आजाऱ्याला काय मानवतं आणि काय नाही हे कळावं, नको ते त्यानं दूर ठेवावं, हवं ते जवळ आणावं. मैत्रीच्या भावनेनं सेवा करावी, लोभानं नाही. मलमूत्र, थुंकी, ओकारी काढताना त्याला किळस येऊ नये. आणि वेळोवेळी धम्माच्या गोष्टी सांगून धीर देता यावा. धम्मकथा यादीत शेवटी आहे. सुरुवात औषधापासून आणि पथ्यापासून होते, म्हणजे माहितीपासून. प्रज्ञेवाचून करुणा नुसती आंधळी माया होऊन बसते, आणि आंधळी माया आजाऱ्याचं नुकसान करू शकते.

सिकलसेलचं उदाहरण देतो, कारण ते आमच्या घरातलं आहे. विदर्भात आदिवासी समाजात आणि आमच्या बौद्ध समाजात या आजाराचं प्रमाण मोठं आहे. रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि सांध्यांत, पाठीत, छातीत असह्य कळा सुरू होतात. वरून काहीच दिसत नाही. पोरगी सकाळी चांगली असते, दुपारी गुडघे धरून रडते. घरचे म्हणतात, शाळेचा कंटाळा. सासरचे म्हणतात, कामाचा कंटाळा. कोणी अंगावरून उतरवून टाकायला नेतं. पोरीची कळ खरी आहे हे मानायलासुद्धा आधी आजाराची माहिती लागते. अशा आजाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी होऊ देऊ नये, कडाक्याच्या थंडीत गार पाण्यानं अंघोळ घालू नये, उन्हातान्हात अंगमेहनतीचं काम लावू नये, ताप आला तर तो अंगावर न काढता लगेच डॉक्टर गाठावा, फॉलिक ॲसिडच्या आणि डॉक्टरांनी दिल्या असतील तर हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या चुकवू नयेत. बुद्धांनी सांगितलेला दुसरा गुण आमच्या वस्तीत नेमका असा दिसेल. तो अंगी आणायला मोठं शिक्षण लागत नाही. विहारात एक संध्याकाळ लागते आणि आरोग्य उपकेंद्रातली नर्सताई लागते.

लग्नाचाही प्रश्न यातच येतो. आई आणि बाप दोघंही वाहक असतील, तर दर गरोदरपणी बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक स्वतः ठणठणीत असतो, त्यामुळे तपासणीशिवाय कळत नाही. म्हणून लग्नाआधी रक्त तपासा, असं विहारातून सांगणं ही उद्या जन्मणाऱ्या लेकरावरची करुणा आहे. मात्र तपासणीचा निकाल गावभर झाला तर वाहक असलेल्या धडधाकट मुलींचं लग्न अडतं आणि मुलांचं अडत नाही. हे भान सुटलं तर चांगल्या हेतूनं सुरू केलेलं कामही क्रूर होतं.

गावातलीच साधी माणसं शिकवून तयार केली तर काय होतं, हे गडचिरोलीनं दाखवलं आहे. राणी बंग आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं खेड्यातल्या कमी शिकलेल्या बायांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळमृत्यू ठळकपणे कमी झाले आणि पुढे ती पद्धत देशभरच्या आशा सेविकांच्या कामात आली. त्या बायांच्या मनात माया आधीही होती. बाळ गार पडलंय हे ओळखायचं कसं आणि ओळखल्यावर करायचं काय, हे त्यांना नंतर कळलं, आणि बाळं वाचली.

पाचव्या शतकात बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ लिहिला. त्यात करुणेचे दोन शत्रू सांगितले आहेत. क्रूरता हा दूरचा शत्रू, आणि शोक हा जवळचा. जवळचा अशासाठी की तो करुणेसारखाच दिसतो आणि तिच्याच जागेवर येऊन बसतो. आमच्या गावांना क्रूरतेपेक्षा या जवळच्या शत्रूनं जास्त ग्रासलं आहे असं मला वाटतं. आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस खाटेशी बसून उसासे टाकतो, याच आजारानं अमक्याचं काय झालं ते रंगवून सांगतो, डोळे पुसतो, चहा पिऊन जातो. त्याचं मन हलकं होतं, आजाऱ्याचं जड. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ‘भावपूर्ण आदरांजली’ची रांग लागते, त्याच ग्रुपवर दोन महिने आधी रक्ताची बाटली हवी असल्याचा निरोप वाचून पुढं गेलेले हात आता जोडलेले असतात. ही माणसं वाईट नाहीत. त्यांना वाटतं की वाईट वाटलं म्हणजे आपलं कर्तव्य झालं.

सरकारची करुणाही बरीचशी मरणानंतरच जागी होते. विदर्भात शेतकऱ्यानं जीव दिला की तलाठी येतो, पंचनामा होतो, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे प्रकरण पात्र की अपात्र ते ठरतं. जमीन घरात कोणाच्या नावावर होती? कर्ज बँकेचं, सोसायटीचं की परवानाधारक सावकाराचं? परतफेडीचा तगादा होता का? २००६ पासून चालत आलेल्या नियमांनी पात्र घराला एक लाख रुपये मिळतात, त्यातले ३० हजार हाती आणि ७० हजार ठेवीत. नात्यातून, दुकानदाराकडून, बिनपरवान्याच्या सावकाराकडून घेतलेलं कर्ज कागदावर नसतं, म्हणून ते कर्जच नसतं. दुसऱ्याचं वावर ठेक्यानं करणारा या चौकटीत सहसा बसत नाही, भूमिहीन मजूर तर नाहीच, आणि आमच्या वस्तीतली कितीतरी घरं या दोन प्रकारांतलीच आहेत. नवऱ्याचं प्रेत घरात असताना एखाद्या बाईनं त्याच्या मरणाचं कारण कागदानं सिद्ध करायचं, यात मदत किती आणि छळ किती हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी तरी या पात्र-अपात्राला करुणा म्हणायला तयार नाही.

धम्मपदाच्या अट्ठकथेत, म्हणजे जुन्या टीकाग्रंथात, आळवी गावच्या एका गरीब शेतकऱ्याची गोष्ट आहे. बुद्ध गावात येणार म्हणून त्याला धम्म ऐकायचा होता, पण त्याच सकाळी त्याचा बैल हरवला. तो रानात बैल शोधत हिंडला आणि दुपारी उपाशीपोटी तसाच सभेला आला. भिक्खूंचं जेवण उरकलं होतं, लोक उपदेशाची वाट बघत बसले होते, आणि बुद्ध त्या शेतकऱ्यासाठी थांबून राहिले होते. तो आल्यावर त्यांनी आधी विचारलं, अन्न उरलंय का? त्याला जेवू घालायला लावलं. त्याचं पोट भरल्यावरच बोलायला सुरुवात केली. पुढे भिक्खू आपसांत कुजबुजले, तेव्हा बुद्ध म्हणाले की भुकेनं कळवळणाऱ्याला धम्म समजणार नाही. त्या प्रसंगावरची गाथा सुरूच होते ‘जिघच्छा परमा रोगा’ अशी: भूक हा सगळ्यांत मोठा रोग. त्या शेतकऱ्याला कोणी विचारलं नाही की बैल तुझ्या नावावर आहे का.

राज्यकर्त्यांसाठीही सांगून ठेवलेलं आहे. दीघनिकायातल्या कूटदंत सुत्तात महाविजित राजाला मोठा यज्ञ करायचा असतो. राज्यात चोऱ्या-लुटी माजलेल्या असतात. पुरोहित त्याला म्हणतो, चोरांना मारून, कोंडून हे थांबणार नाही, उरलेले पुन्हा त्रास देतील. जे शेती आणि गुरं करतात त्यांना बियाणं आणि चारा दे, जे व्यापार करतात त्यांना भांडवल दे, जे चाकरी करतात त्यांना अन्न आणि वेतन दे. राजा तसं करतो, आणि लोक दारं उघडी टाकून, लेकरांना अंगावर खेळवत राहू लागतात. मृगाच्या आधी बियाणं हातात पडणं आणि दिवाळीनंतर घरच्या विधवेच्या हाती धनादेश पडणं, यातला फरक इतक्या जुन्या काळी ज्यांना कळला होता, त्यांची परंपरा आमची आहे. पीककर्ज जूनच्या आत मिळावं, ठेक्यानं वावर करणाऱ्यालाही मिळावं, मजुरालाही अपघाताचं आणि आजाराचं संरक्षण असावं, या मागण्या राजकीय आहेत असं म्हणून विहारातून बाजूला सारल्या जातात. बुद्धांच्या तोंडूनच ही गोष्ट सांगितली गेली असेल, तर त्या मागण्या विहाराच्या बाहेरच्या कशा?

करुणेची साखळी खालपर्यंतही बघावी लागते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, हवा कोंडलेली, अंगावर साधा शर्ट. त्यांतले बरेच मजूर होते. फवारा पाठीवर घेणारा एक गरीब आणि त्याला रोजीनं लावणारा दुसरा, थोडा कमी गरीब. कर्जानं पिचलेल्या शेतकऱ्याबद्दल बोलताना त्याच्या हाताखाली विष हुंगणाऱ्याला विसरून चालणार नाही. मास्क, हातमोजे, अंगभर कपडे, वाऱ्याच्या दिशेचं भान, काम संपल्यावर साबण आणि पाणी, हे मालकानं द्यायचं असतं आणि मजुरानं मागायचं असतं. अंगुत्तरनिकायात उपासकानं करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत, त्यांत विषाचा व्यापार आहे. कृषी केंद्र चालवणारा आमचा एखादा बांधव असेल, तर कोणतं औषध कोणाला, कशी सूचना देऊन विकायचं, हा त्याच्यापुरता शीलाचा प्रश्न आहे.

आता एक आक्षेप, जो मी तरुण कार्यकर्त्यांकडून वारंवार ऐकतो आणि जो हलका नाही. ते म्हणतात, आम्हांला करुणा शिकवू नका. आम्हांला न्याय हवा. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अन्याय सोसला त्यांनाच पुन्हा दया, क्षमा, शांती सांगायची हा कुठला धम्म? २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातली चार माणसं जमावानं मारली. आई, मुलगी, दोन मुलं. त्या गावापुढे उभं राहून करुणेची गोष्ट कोणी आणि कोणाला सांगायची?

माझं उत्तर असं की ज्यांच्यावर वार झाले त्यांना ती सांगायचीच नाही. ती त्या गावातल्या प्रत्येक घराला सांगायची, जे ओरडणं ऐकत दार लावून बसलं. करुणा म्हणजे नमतं घेणं, हा समज कुठून आला कोण जाणे. सिद्धार्थाच्या चरित्रात तरी तो नाही. बाबासाहेबांनी गृहत्यागाचं जे कारण मांडलं ते रोहिणी नदीच्या पाण्याचं आहे. शाक्य आणि कोलीय यांच्यात शेतीच्या पाण्यावरून भांडण पेटलं, शाक्य संघानं युद्धाचा ठराव केला, आणि सिद्धार्थ आपल्याच लोकांच्या सभेत विरोधात उभा राहिला. बहुमत त्याच्या विरुद्ध गेलं. त्यानं ठराव मान्य केला नाही, शिक्षा मान्य केली, आणि घर सोडलं. पाण्याची आणि धुऱ्याची भांडणं आमच्या गावांना नवी नाहीत. आपल्या जातीच्या, आपल्या भावकीच्या माणसांना भर बैठकीत ‘हे चुकतंय’ म्हणायला जी छाती लागते ती करुणेतून येते, आणि न्यायाचं काम तिथून सुरू होतं. खैरलांजीत त्या दिवशी असं म्हणणारा एक माणूस पुढं आला असता तर कदाचित चार जीव वाचले असते.

याचीच दुसरी बाजू आम्हांलाही लागू आहे. बाबासाहेबांनी लिहिलंय की प्रज्ञा पुरेशी नाही, तिच्यासोबत शील हवं; शीलासोबत करुणा हवी; आणि करुणेच्याही पुढे जाऊन मैत्री हवी, जी सगळ्या जीवांना कवेत घेते. मग विहाराची आजाऱ्यांची चौकशी वस्तीच्या शेवटच्या घराशी थांबून कशी चालेल? गावातल्या कुणबी म्हाताऱ्याची पोरं पुण्याला आहेत आणि तो एकटाच खाट धरून आहे, गोंड टोल्यावरचं लेकरू तापानं फणफणतंय, मुसलमान शिंप्याच्या बायकोला डायलिसिसला न्यायला कोणी नाही, ही नावंही त्या चौकशीत आली पाहिजेत. कोणी म्हणेल, ते आमच्यासाठी कधी आले? काही आले नसतील. विनयात आजाऱ्यानं आधी कोणासाठी काय केलं होतं हे विचारलेलं नाही. तो भिक्खू कोणाच्याच उपयोगाचा नव्हता, आणि तिथूनच तर नियम सुरू झाला.

वर्षावास या कामासाठी सगळ्यांत योग्य काळ आहे. तो सुरूच कसा झाला बघा: पावसात हिंडणारे भिक्खू हिरवं गवत तुडवतात, बारीक जीव चिरडतात, अशी लोकांनी तक्रार केली आणि बुद्धांनी ती ऐकून घेतली. कोवळ्या अंकुरांच्या काळजीतून ठरलेले हे तीन महिने, आषाढी पौर्णिमेपासून आश्विनीपर्यंतचे, विदर्भाच्या खेड्यात सगळ्यांत अवघड असतात. पेरणीत, दुबार पेरणीत पैसा गेलेला, नवं पीक हाती नाही, कोठीत धान्य उतरलेलं. फवारणी याच दिवसांत, साप याच दिवसांत, डेंग्यू आणि हगवण याच दिवसांत, आणि पांदण रस्ता चिखलानं बंद. विहारात रोज संध्याकाळी माणसं जमतातच. वाचनाला बसण्याआधी दहा मिनिटं एक वही उघडायची: आज कोणाकडे जायचं, कोणाला उपकेंद्रात न्यायचं, कोणाच्या घरी रात्री दोन माणसं लागतील, कोणाची गोळी संपली. वहीतलं फळ्यावर लिहू नये, सिकलसेल किंवा क्षय असलेल्याचं नाव गावभर करू नये. ती दोन भरवशाच्या माणसांकडे, त्यातली एक बाई असेल अशी, राहावी. आणि महिना-महिना कोणी न आलेल्या खाटेशी बसताना दुःखाचं तत्त्वज्ञान सांगायची घाई करू नये. कूस बदलावी, पाणी द्यावं, औषधाचा कागद वाचून बघावा.

पैशाचा प्रश्न लोक लगेच काढतात. सेवाग्रामच्या कस्तुरबा दवाखान्यानं पूर्वी आसपासच्या गावांसाठी ज्वारीची योजना चालवली होती: सुगीत घराघरांनी ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि वर्षभर आजारपणाला सवलतीत उपचार मिळवायचे. आजारी पडण्याआधी, आणि रोख पैसा नसताना, गाव एकत्र येऊन काय करू शकतं याचा तो नमुना आपल्याच विदर्भातला आहे. जयंतीच्या वर्गणीतला काही भाग त्याच रात्री वेगळा काढला, तर नागपूर-सेवाग्रामच्या फेऱ्यांचं भाडं आणि सोबत जाणाऱ्याची बुडालेली रोजी त्यातून निघू शकते. रोजी भरून देण्याला कमीपणा मानू नये. संघसुद्धा सेवा करणाऱ्याला चीवर आणि पात्र देत होता.

भंतेजी गावात येतात तेव्हा त्यांना भोजनदान आपण अगत्यानं करतो. त्या दिवशी त्यांना आधी दोन आजाऱ्यांच्या घरी न्यावं, मग विहारात. आणि आश्विन पौर्णिमेला ग्रंथवाचनाची सांगता होते, खीर वाटली जाते, तेव्हा नावं न घेता त्या वहीचा हिशेब उभा राहून वाचावा: किती घरी गेलो, किती रात्री बसलो, किती खर्च झाला, आणि कोणत्या महिन्यात कोणाकडे पोचायला आपल्याला उशीर झाला.